पाण्याचं विरजण

एका राज्यात पाणी चार महिने असे आणि आठ महिने नसे. चार महिने शुभ्रा नदी दोन्ही काठ भरून वाही, उरलेले आठ महिने बायाबापड्या तिच्या वाळूत झरे उकरीत आणि वाटीवाटीनं घागर भरीत. राजा धवलसेन मनानं चांगला, पण पाण्यापुढे त्याची सत्ता चालेना. शेवटी त्यानं रसशाळेतल्या दोघा रसायनींना बोलावलं. एक हंसाई आणि दुसरा तिचा नवरा सारंगधर. विद्येत दोघं बरोबरीची, हट्टातही बरोबरीची.

राजा म्हणाला, "वाहून जातं ते मला थांबवून द्या."

सारंगधर म्हणाला, "वेळ लागेल, महाराज."

"किती?"

"ते पाण्याला विचारावं लागेल."

पाण्यानं बारा वर्षं घेतली. कधी ते भांड्यातून उडून गेलं, कधी निळं पडलं. एकदा तर हंड्यातलं पाणी गाऊ लागलं ते तीन दिवस थांबेना, आणि शेजारीपाजारी कावून गेले. हंसाईचे केस पिकले. मूल व्हायचं राहूनच गेलं. "अहो, आपल्याला सवडच झाली नाही," ती नवऱ्याला हसून म्हणे, आणि तो चुलीतली राख उगाच सारखी करी. पण सकाळ झाली की पुन्हा चूल पेटे, पुन्हा भांडं चढे. असा त्यांचा संसार होता, आणि वाईट नव्हता.

तेराव्या वर्षी दोघं तीन डोंगर ओलांडून जखिणीच्या तळ्यावर गेली. त्या तळ्यातलं थिजलेलं पाणी जग झालं तेव्हापासून हललेलं नव्हतं. दोघांनी हात जोडून त्यातलं चिमूटभर मागितलं. जखिणीनं बराच वेळ दोघांकडे पाहिलं, मग बोराएवढी गोळी हंसाईच्या हातावर ठेवली.

"हे विरजण आहे," ती म्हणाली. "तुम्हा दोघांच्या हातात राहील तोवर तुमचं ऐकेल. तिसऱ्या हाती दिलंत, तर ते माझंही ऐकणार नाही."

"नाही देणार," हंसाई म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

प्रयोग साधला. गोळीतून काढावं तेवढं ती पुन्हा भरून येई. संध्याकाळी घागरीत हरभऱ्याएवढं विरजण टाकावं, सकाळी घागर फोडावी, आत पाणी दह्यासारखं घट्ट लागलेलं. कोयत्यानं कापावं, गाडीत रचावं, कोठारात ठेवावं. उन्हाळ्यात त्याची वडी चुलीवर ठेवली की पुन्हा पाणी, आणि तेही गोड. प्रत्येक खेपेचा पहिला घोट सारंगधर स्वतः घेई. "आपण केलेलं आधी आपल्या पोटात," असं तो म्हणे, आणि हंसाईला कधी घेऊ देत नसे.

राजानं हत्तीवरून साखर वाटली. रसशाळेला लोखंडी दार बसवलं आणि दारावर बहिरोजी नावाचा पहारेकरी ठेवला. हुकूम निघाला की विरजणाचा कणही दाराबाहेर जाता कामा नये. झालं, सगळा बंदोबस्त पक्का. पण तो ज्यांनी केला ते त्याच राज्यातले होते ना!

त्या राज्यात एक रीत होती. विरजण मागायला कुणी वाटी घेऊन दारी आलं, तर त्याला नाही म्हणायचं नाही. वैर असो, सोयर असो, सुतक असो, वाटी रिकामी जाऊ द्यायची नाही. दाण्याला नाही म्हणा, तेलामिठाला नाही म्हणा, कुणी रागावत नसे. पण विरजणाला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचं घर बसावं असं म्हणणं. तिथल्या लेकरांना चालायच्या आधी हे कळे.

हंसाईच्या शेजारी ठकूमावशी राहात. गुडघ्यांनी अगदी टेकीला आलेल्या. घरात त्या आणि आईबापावेगळी नात, इतकीच माणसं. एके सकाळी त्या वाटी घेऊन उभ्या राहिल्या.

"हंसे, जरा विरजण दे गं."

हंसाई उठली, शिंक्यावरचं दह्याचं भांडं काढू लागली.

"ते नव्हे बाई. ते तुझं पाण्याचं. पहिल्या पावसाचं पाणी माझ्या पिंपात पडलंय, पिंप झिरपतंय. थिजलं तर उन्हाळाभर वाळूत उतरायला नको. हे गुडघे बघ माझे."

हंसाईचा हात थांबला. हुकूम आठवला, जखीणही आठवली. पण समोर वाटी होती! तिच्या आईनं, आजीनं, पणजीनं कधी परतवली नव्हती ती वाटी. तिला वाटलं, एक म्हातारी, एक पिंप, कुणाला कळणार आहे? दुपारी रसशाळेतून येताना तिनं पदराच्या गाठीत तुकडा आणला आणि वाटीत टाकला.

"मावशी, कुणाला देऊ नका हं."

"छे गं, मी कुणाला देते," मावशी म्हणाल्या, आणि तेव्हा तेही खरंच होतं.

चौथ्या दिवशी मावशींची नणंद वाटी घेऊन आली. आता मावशींनी काय करायचं? नणंदेकडे तिची विहीण आली, विहिणीकडे तिची शेजारीण. वाटीमागून वाटी निघाली आणि पंधरवड्यात विरजण राज्यभर झालं. सुरुवातीला आनंदीआनंद होता. पण दही रोज नव्या भांड्यात लावत गेलं की आंबट होत जातं, हे ज्या राज्यात पोरासोरांना ठाऊक, तिथे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. हंसाईच्याही नाही, आणि ते तिला पुढे फार लागलं.

पहिल्या हातानं पाणी थिजवलं. दहाव्या हाताला दूध थिजलं, विसाव्याला समईतलं तेल. चाळिसाव्या हातानंतर वडी चुलीवर ठेवली तर चूल विझे, वडी तशीच. कुणाच्या तरी घागरीचं धुवण ओढ्यात गेलं, ओढा नदीला मिळाला, आणि ऐन श्रावणात शुभ्रा नदी काठोकाठ भरलेली जागच्या जागी थांबली. नावा तिच्यात रुतल्या. मासे तिच्यात दिसत, पण हलत नसत. विहिरींवर पोहरा आपटे आणि वर येई. त्यात पावसानंही दडी मारली. मग ज्यांनी आंबट पाणी खाल्लं होतं त्यांची बोटं जड होऊ लागली. रडणाऱ्यांचे अश्रू गालावर येऊन थांबत, ते नखानं काढावे लागत.

राजा गरजला, "दाराबाहेर कुणी नेलं?" दारावर बहिरोजी होता, म्हणून बहिरोजीच्या हातापायात बेड्या पडल्या. तो शपथा घेत राहिला. हंसाई दरबारात चार हातांवर उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

सारंगधरनं नदीचा तुकडा तोडून आणला. "हे आपल्या हाताबाहेर कसं गेलं ते कळायला हवं," तो म्हणाला, आणि तिनं हात धरायच्या आत त्यानं तो जिभेवर ठेवला. पहिला घोट आपला! तिसऱ्या दिवशी त्याची पावलं दगड झाली. थिजणं रोज सहा बोटं वर चढू लागलं. त्यानं स्वतःच्या पायावर कोळशानं खुणा केल्या आणि हिशेब मांडला.

"बारा दिवसांत काळजापर्यंत येईल, हंसा. नीट लिहून ठेव, उपयोगी पडेल."

"आग लागो तुमच्या लिहून ठेवण्याला!" ती ओरडली, आणि त्याच्या थंड गुडघ्यांवर डोकं टेकून बसली. बारा वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती.

सकाळी अंगणात एक खंड्या येऊन बसला. त्या राज्यात खंड्ये बोलत, पण कामापुरतेच. ह्याची चोच टोकाशी मोडली होती. माशावर झेप घेताना तो थिजलेल्या नदीवर आपटला होता.

"तुझं विरजण?" त्यानं विचारलं.

"माझंच."

"जखीण बोलावते आहे. चल."

खंड्या पुढे, हंसाई मागे, असे तीन डोंगर तिनं चार दिवसांत ओलांडले. जखीण तळ्याकाठी बसली होती.

"तिसऱ्या हाती दिलंस," ती म्हणाली.

"दिलं."

"का?"

"नाही म्हणता आलं नाही."

जखिणीनं मान खाली घातली. "मला तरी कुठे आलं? तुम्ही मागितलंत, मी दिलं. मी तुमच्याच राज्यातली, बाई. तुझ्याआधी शंभर पिढ्या." मग ती उठून उभी राहिली. "ऐक. सगळ्या विरजणाचं मूळ तुझ्या रसशाळेतली ती गोळी. ती जगते ती दिल्यानं जगते. तीन दिवस तिला पाणी लागलं नाही आणि ती कुणाला दिली गेली नाही, तर ती मरेल. मूळ मेलं की घरोघरचं मरेल. त्यासाठी तीन कामं आहेत. पहिलं, जे तू लपवलंस ते भर दरबारात सांग. दुसरं, गोळी उघड्या तळव्यावर घेऊन वांझ टेकडीवर जा. घामाचा, आसवाचा थेंब तिच्यावर पडता कामा नये. तिसरं, तिथे तीन दिवस बस, आणि जो मागायला येईल त्याला नाही म्हण. ओरबाडून नेलं तर ते लागत नाही. दिलंस तरच लागेल."

"आणि माझा नवरा?"

"जे थिजलंय ते सुटेल. सुटल्यावर श्वास परत येतो का, ते मला माहीत नाही. माझ्या तळ्यात थिजलेलं अजून कुणी सुटलेलं नाही."

एवढं ऐकून हंसाई परतली. तिकडे आठ दिवस सरले होते, सारंगधर कंबरेच्या वर थिजला होता. तिनं घरचा उंबरा ओलांडला नाही, सरळ दरबारात गेली.

"महाराज, बहिरोजीला सोडा. विरजण मी बाहेर नेलं. शेजारणीला दिलं. तो बेड्यांत असताना मी गप्प राहिले."

बहिरोजीला आणलं, बेड्या काढल्या. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मनगटांवर जखमा होत्या.

"बाई, माझी म्हातारी तीन आठवडे लोकांच्या शिव्या खातेय," तो म्हणाला.

ती त्याच्या पाया पडली. राजाचा हात तलवारीवर गेला होता, पण तिनं पुढचं सांगितलं तेव्हा तो खाली आला. "तीन दिवस देतो," राजा म्हणाला. पहिलं काम झालं.

दुसऱ्या कामाला ती भर उन्हात निघाली. कपाळाला घट्ट फडकं बांधलं, हात लांब धरला, रसशाळेतली गोळी तळव्यावर ठेवली. ती अजून गोड होती, पहिल्या दिवसासारखी शुभ्र. वाट घरावरून जात होती. खिडकीतून सारंगधरनं हाक मारली, "हंसा, किती दिवसांनी! आत ये ना गं." तिचे डोळे भरून आले. तिनं मान वर केली, आभाळाकडे पाहात पाहात घर ओलांडलं, आणि आसवं मागे केसांत जाऊन तिथेच थिजली. वांझ टेकडीवर गवत उगवत नसे, दवही पडत नसे. तिथे खडकावर ती बसली. खंड्या साक्षीला शेजारी बसला.

पहिल्या दिवशी ठकूमावशी आल्या. चार जणांनी त्यांना हाताला धरून वर आणलं होतं. हातात वाटी होती.

"हंसे, भावानं परराज्यातून एक पखाल पाणी धाडलंय. उन्हानं आटतंय. घरातलं विरजण आंबून गेलं, ते लावलं तर पाणी पुन्हा सुटायचं नाही. तुझं ताजं आहे. चिमूटभर दे. माझ्यासाठी नको, नातीसाठी दे. तिचे ओठ फाटलेत."

हंसाई वाटीकडे बघत राहिली. अख्ख्या राज्यात, अख्ख्या काळात जो शब्द ह्या मागण्याला कुणी वापरला नव्हता, तो तिनं जिभेवर आणला.

"नाही," ती म्हणाली. "मावशी, नाही. पाणी तसंच पाजा तिला, आजच पाजा."

मावशींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी वाटी पालथी केली, पदराखाली घेतली आणि पाठ फिरवली. "मी तुला लहानपणी मांडीवर घेतलं होतं," जाताना त्या म्हणाल्या. शाप दिला असता तर बरं, असं हंसाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजा आला. एकटाच, अनवाणी.

"परराज्याची फौज सीमेवर आहे," तो म्हणाला. "आपल्या विहिरी थिजल्या हे त्यांना कळलंय. एक कण दे, त्यांची नदी थांबवतो. ते माघारी जातील, माझी माणसं वाचतील."

"मग त्यांच्या बाया एकमेकींना वाटीनं देतील, महाराज."

"ही आज्ञा आहे."

"मान घ्या. कण मिळणार नाही."

राजानं तलवार उपसली, तिच्या मानेवर टेकवली. ती हलली नाही, कारण हललं तर गोळी पडेल, हीच तिला भीती होती. राजानं ते पाहिलं. तलवार म्यान करून तो फौजेकडे हात जोडायला गेला. राजाला असं जाताना त्या राज्यानं पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडीखाली बैलगाडीचा आवाज आला. गाडी वर चढून तिच्या खडकाशी थांबली. बहिरोजी हाकत होता. गाडीत सारंगधर होता, बगलेपर्यंत थिजलेला, कडब्यावर टेकवून ठेवलेला. त्याचा उजवा हात तेवढा सुटा होता. त्या हातात वाटी होती.

"तुम्ही?" हंसाई म्हणाली. "तुम्ही कशाला आलात?"

"मार्ग सापडला, हंसा." त्याचे डोळे चमकत होते. "आंबटावर गोड घातलं तर आंबट मवाळ होतं. मी करून पाहिलं. बहिरोजीनं मला रसशाळेत नेलं. तुझ्या गोळीच्या भांड्याला लागलेला कण होता, तो ह्या थिजलेल्या डाव्या बोटावर घासला. हे बघ, बोट वाकतंय! मुळातलं चिमूटभर दे, छातीवर चोळू, ऊब देऊ, मी उठून उभा राहतो. नुसता मीच नाही, सगळे उठतील. प्रयोग हुकला नव्हता. फक्त अर्ध्यावर होता."

त्याचं बोट खरंच वाकत होतं. तो कधी खोटं बोलत नसे, हेच तर मोठं संकट होतं. हंसाईचा सगळा जीव त्या बोटाकडे धावला. दिलं, तर हा माणूस आज रात्री घरी जेवेल. नाही दिलं, तर काय, ते जखिणीलाही ठाऊक नव्हतं.

"आणि ते तुमच्यात जगत राहिलं तर?" तिनं विचारलं.

"सांभाळू. आपण दोघं सांभाळू."

"असंच म्हणालो होतो तळ्यावर."

"हंसा, बारा वर्षं गं! आपलं दुसरं काय आहे?" त्याचा आवाज फुटला. "मी मेलो तरी चालेल. पण हे मरू देऊ नको. मी मागतोय. मी कधी काही मागितलंय तुझ्याजवळ?"

खरंच त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. हंसाईला वाटलं, हा खडक दुभंगावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. खंड्या एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. बहिरोजी तोंड फिरवून बैलाच्या पाठीवर हात फिरवीत होता.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं वाटी धरलीच होती. "नाही," ती पुन्हा म्हणाली, "नाही हो, नाही." तिसऱ्यांदा म्हणेतो थिजणं त्याच्या खांद्यावर आलं, वाटीचा हात थांबला. मग गळा. त्याचे डोळे तेवढे तिच्यावर होते, त्यांत राग होता. मग तेही थांबले, रागासकट.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, पण तळव्यावरच्या गोळीमुळे उठता येत नव्हतं. दिवसभर ती त्याच्याकडे बघत बसली. अहो, मी चुकले का, तिनं कितीदा विचारलं असेल! सूर्य कलला तशी तळव्यावरची गोळी पिवळी पडली, मग राखाडी झाली. शेवटचं ऊन गेलं तेव्हा तिथे चिमूटभर राख होती. वारा आला आणि राख गेली.

टेकडीखालून आधी एक गुरगुर ऐकू आली. मग शुभ्रा नदी महिनाभर अडलेलं सगळं पाणी घेऊन सुटली. नावा उसळल्या, विहिरींत पोहरे बुडाले, गावागावांतून माणसांचा गलबला उठला. खंड्या उठला आणि काही न बोलता नदीकडे गेला. त्याचं काम झालं होतं.

हंसाई गाडीत चढली. सारंगधरचे पाय मऊ झाले होते, हात खाली पडला होता. पण छाती हलत नव्हती. तिनं त्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. "अहो! अहो, ऐकता ना!" बहिरोजीनं खाली उडी मारली, त्याचे तळवे धरून घासू लागला. ज्याला तिनं तुरुंगात कुजू दिलं होतं तो माणूस तिच्या नवऱ्याचे तळवे घासत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सारंगधरच्या घशातून बुडालेल्याला काढल्यावर येते तशी एक घरघर आली, आणि श्वास लागला.

त्यानं डोळे उघडले. हंसाईकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या तळव्याकडे पाहिलं.

"काही उरलं का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही उरलात."

मग त्यानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बारा वर्षांसाठी रडला, मेलेल्या लेकरासाठी रडावं तसा. तिनं त्याला रडू दिलं. ती नाही का म्हणाली हे त्याला कळायला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात तो तिच्याशी जेमतेम बोलला, हेही सांगायला हवं. पण वर्षाअखेरीस एका सकाळी त्यानं चूल पेटवली आणि विचारलं, "हंसा, विहिरींना पायऱ्या बांधल्या तर पाणी किती टिकेल?" मग दोघं त्या कामाला लागली.

परराज्याची फौज सुटलेली नदी पाहून माघारी गेली. राजानं बहिरोजीला गावाच्या चौकात पागोटं बांधलं आणि त्याच्या आईची स्वतः माफी मागितली. आठ महिने पाणी नसणं राज्याच्या नशिबात होतं ते तसंच राहिलं, फक्त माणसं ते पूर्वीपेक्षा जरा शहाणपणानं सोसू लागली.

अशी ही हंसाईची कहाणी. सांगणाऱ्याचा घसा आता कोरडा पडला, ऐकणाऱ्यांचं भलं होवो. आणि ज्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यांचं देव थोडं जास्त भलं करो.